सतरा नंबरची पांढरी झेंडी

रविवारी सकाळी आठ वाजून पन्नास मिनिटांनी रुमांतीनं सतरा नंबरच्या खांबाला दुसऱ्यांदा पांढरी झेंडी लावली. पांढरी म्हणजे सगळ्यांत कमी गुण. त्याच खांबाला बाकीच्या दोन परीक्षकांनी हिरव्या झेंड्या लावल्या होत्या, आणि हिरवीच्या वर काही नसतं. खांबावर सात मीटर उंच टांगलेल्या पिंजऱ्यात राजा गुंतूर नावाचा होला होता. त्याचे मालक पाक हर्जांतो (इकडे पुरुषांना आदरानं पाक म्हणतात, बायकांना बू) गावात कौलांची भट्टी चालवतात आणि करांगसेमीच्या होला मंडळाचे अध्यक्ष आहेत.

दोरीबाहेर उभ्या असलेल्या लोकांत कुजबुज झाली. रुमांतीला ती ऐकू आली. तिला सगळंच ऐकू येतं.

हे होले पर्कुतुत जातीचे. राखेच्या रंगाचे, मुठीएवढे, दिसायला काहीच नाहीत. स्पर्धेत त्यांना कुणी बघतही नाही. परीक्षक मान खाली घालून खांबांखालून फिरतात, घुमण्याचा पुढचा, मधला आणि शेवटचा सूर वेगवेगळा ऐकतात आणि झेंडी लावून पुढच्या खांबाकडे जातात. सात मीटरवरचा पिंजरा डोळसांनाही नुसता ठिपका दिसतो. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी रुमांतीनं परीक्षक होण्यासाठी अर्ज दिला, तेव्हा मुख्य परीक्षक पाक पोनिरान यांनी नियमावली तीनदा वाचली. हा गृहस्थ निवृत्त पोस्टमन. नियमात लिहिलेलं पोचवायचं आणि न लिहिलेलं पोचवायचं नाही, एवढंच त्यांना ठाऊक. नियमावलीत कानांबद्दल दीड पान होतं. डोळ्यांबद्दल एक ओळ नव्हती. त्यांनी अर्ज घेतला.

अट नेहमीचीच होती. तीन स्पर्धांत उमेदवारी करायची, तक्रार आली नाही तर परीक्षकाचं कार्ड. हा रविवार तिसरा होता.

रुमांतीला हे कार्ड किती हवं होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारीण सुगिनेमला तेवढं माहीत होतं, कारण सुगिनेमला न सांगताच सगळं माहीत होतं. बावीस वर्षं रुमांती मालिश करते. तिच्या दारावरच्या पाटीवर 'अंध मालिश' असं लिहिलेलं आहे. रेशनच्या कागदावर तेच, दवाखान्याच्या कागदावर तेच, गावच्या मदतीच्या यादीत तर तिचं नाव नंतर आणि डोळे आधी. होला मंडळाच्या कार्डावर फक्त नाव आणि 'परीक्षक' एवढंच छापतात. तिनं छापखान्यात फोन करून खात्री करून घेतली होती.

नवव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले. डावा पुरताच मिटला. उजव्याला तांदळाच्या धुवणातून पाहावं तसा उजेड दिसतो. दार कुठे आणि भिंत कुठे ते कळतं, उन्हात कुणी पांढरा सदरा घालून उभं असेल तर तो सदरा कळतो, सदऱ्यातला माणूस कळत नाही. रंग तिला नवव्या वर्षापर्यंतचे आठवतात. हिरवा म्हणजे घरामागच्या भाताच्या रोपांचा. त्यानंतर लोकांनी सांगितलेल्या कुठल्याही हिरव्यावर तिचा विश्वास नाही. स्पर्धेच्या झेंड्यांना तिनं कोपऱ्यात गाठी मारून घेतल्या होत्या: हिरवीला दोन, पिवळीला एक, पांढरी मोकळी.

तिच्या आवडीनिवडी गावभर माहीत होत्या, कारण सुगिनेम टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, विकता विकता त्या सांगत फिरे. रुमांतीला तिखटमिठातली कच्ची कैरी आवडते, पिकली पपई तोंडात घालवत नाही. बसमध्ये खिडकीची जागा आवडते. "तुला खिडकी कशाला?" असं कंडक्टरनं विचारलं की ती म्हणते, "तुमच्या तोंडाचा वास पुढच्या खिडकीपर्यंत येत नाही म्हणून." दुसऱ्यांची भांडणं आवडतात, त्यातही नवराबायकोची, हळू आवाजातली. विजेवरच्या मोटारसायकली आवडत नाहीत, कारण त्या चोरासारख्या येतात. विचारल्याशिवाय कोपराला धरून ओढत नेणारे आवडत नाहीत. आंधळी म्हणजे बहिरी असं समजून ओरडणारे त्याहून कमी. आणि सगळ्यांत नावडता प्रकार म्हणजे दारात उभं राहून आवाज बदलून "ओळखा पाहू, मी कोण?" असं विचारणारी माणसं.

या माणसांचं काय करायचं, हे ती फार पूर्वी शिकली होती. बरोबर ओळखलं की ती पोपट बोलल्यासारख्या टाळ्या वाजवतात आणि पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन येतात. चुकीचं नाव घेतलं की जरा खट्टू होतात, "अरेरे" म्हणतात आणि पुन्हा खेळत नाहीत. म्हणून ती नेहमी चुकीचं नाव घ्यायची. आणि चुकीचं घ्यायचंच, तर ते बेतून घ्यायची. गावप्रमुखाच्या बायकोला ती मासेवाली म्हणाली होती. मुख्याध्यापिकाबाईंना सार्वजनिक न्हाणीघर धुणारी म्हणाली होती. पाक हर्जांतो रोज्यांच्या महिन्याआधी पाठ चोळून घ्यायला आले आणि त्यांनीही दारातून घोगरा आवाज काढला. रुमांतीनं क्षणभर विचार करून म्हटलं, "पाक मांगुन का? बकऱ्या कापणारे?"

ते हसले होते. पण पालथे झोपल्यावर त्यांची मान दोरखंडासारखी ताठ लागली, हे तिच्या अंगठ्यांनी टिपून ठेवलं होतं.

चौथी फेरी अकरा वाजून पाच मिनिटांनी संपली. राजा गुंतूरला रुमांतीच्या चार फेऱ्यांत चार पांढऱ्या. बेरजेत तो पहिल्यावरून सहाव्यावर घसरला. अकरा वाजून वीस मिनिटांनी पाक हर्जांतो मांडवात आले. रुमांती बाकावर बसून चहा पीत होती. चपलांवरून तिनं त्यांना ओळखलं. आज ते डाव्या टाचेवर जास्तच जोर देत होते.

"बू रुमांती, सतरा नंबरला चार पांढऱ्या तुम्हीच लावल्यात?"

"मीच."

"कान दुखतोय का?"

"नाही. पाठ दुखतेय. दर तिसऱ्या-चौथ्या घुमण्याला तुमचा होला मधला सूर गिळतो, पाक. पुढचा छान, शेवटचाही छान लांब. मध्ये घास अडकतो."

"दोघांनी हिरव्या लावल्या."

"त्यांचे कान त्यांच्याकडे."

सुगिनेम पलीकडे केळीच्या पानात टेम्पे बांधत होती. तिनं हात थांबवले. मांडवात आता चाळीसेक माणसं जमली होती. पोनिरान टेबलावर गुणांचे कागद लावत होते. त्यांच्या शर्टाच्या खिशात रुमांतीचं कार्ड होतं, सही आणि शिक्का व्हायचा राहिलेलं.

पाक हर्जांतो तिच्याशी न बोलता मांडवाशी बोलू लागले. "मंडळी, मला यांच्याबद्दल आदरच आहे. पण ज्या बाईला ओळखीच्या माणसाचा आवाज ओळखता येत नाही, तिला होल्याचा मधला सूर काय कळणार? मी यांच्याकडे सहा वर्षं जातोय. दारात उभा राहिलो, विचारलं, मी कोण. तर मला म्हणतात, बकऱ्या कापणारे मांगुन!"

लोक हसले. मांगुन मागे उभा होता, तो सगळ्यांत मोठ्यानं हसला.

आणि मग ज्याची रुमांतीनं कधी कल्पना केली नव्हती ते झालं. साक्षीदार पुढे येऊ लागले.

"मला न्हाणीघर धुणारी म्हणाल्या होत्या," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "मी तेव्हा घरी जाऊन आंघोळ केली."

"मला मासेवाली," गावप्रमुखाची बायको म्हणाली.

"मला तर माझ्याच सासूबाई समजल्या," कुणीतरी मागून म्हणालं.

सात जण झाले. प्रत्येकाच्या आवाजात तक्रार कमी आणि कीव जास्त होती. बिचारी, तिचा तरी काय दोष. रुमांतीच्या हातातला चहा निवला. बारा वर्षं तिनं जे गंमत म्हणून पेरलं, ते आज पुरावा म्हणून उगवलं होतं, आणि पीक चांगलं आलं होतं.

पोनिराननी कागद खाली ठेवले. "बू रुमांती, हे खरं आहे का? या माणसांना तुम्ही ओळखलं नव्हतं?"

सुगिनेम जवळ आली आणि तिच्या कानाशी लागून म्हणाली, "हे बघ रुम, हो म्हण. वय झालं, कानात मळ होता, काहीही सांग. यातले निम्मे तुझे गिऱ्हाईक आहेत."

"आणि कार्ड?"

"कार्ड काय भातावर घालून खायचंय?"

रुमांतीनं कप बाकावर ठेवला. हो म्हटलं तर कान खोटे ठरत होते. नाही म्हटलं तर ती खोटी ठरत होती, आणि तीही सात जणांच्या समोर, ज्यांच्या पाठींवर तिचं घर चालतं. ती उभी राहिली.

"सगळ्यांना ओळखलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या पावलालाच."

मग ती साक्षीदारांकडे वळली.

"मुद्दाम चुकीची नावं घेतली. ओळखा पाहू म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत. तुमच्या नवऱ्यानं तोंडावर टॉवेल टाकून रोज विचारलं, ओळख पाहू कोण, तर किती दिवस हसाल?"

"म्हणजे मला मासेवाली मुद्दाम म्हणालात?" गावप्रमुखाची बायको.

"हो. पण त्यात तुमचा अपमान नव्हता. मासेवाली स्वभावानं फार बरी आहे."

मागे कुणीतरी खोकल्याचं नाटक केलं. ती मासेवाली होती.

"हे आता सुचलेलं दिसतंय," पाक हर्जांतो म्हणाले. "पकडल्यावर सगळेच म्हणतात, मला माहीत होतं."

"पाक, त्या दिवशी तुम्ही नव्या चपला घालून आला होतात. वहाण करकरत होती. सदऱ्याला भट्टीचा धूर आणि लवंगी सिगारेट, दोन्हींचा वास. बायकोला सिगारेट सोडली म्हणून सांगितलं होतंत ना, त्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या पायरीला ठेचकाळलात आणि हळूच एक शिवी दिलीत. कुणाच्या नावानं दिलीत, ते सांगू?"

"नको," पाक हर्जांतो म्हणाले.

आता लोक मोकळेपणानं हसले. सुगिनेमनं पानं बाजूला सारली आणि रुमांतीच्या पाठीवर एक थाप मारली, ती चुकून जरा जोरातच बसली. पोनिराननी खिशातून पेन काढल्याचा आवाज रुमांतीला आला. टोपण निघालं. तिला वाटलं, झालं.

पण पाक हर्जांतोंनी भट्टीवर तीस माणसं उगाच सांभाळलेली नाहीत. हसू ओसरेपर्यंत ते थांबले.

"ठीक आहे. कान उत्तम. मान्य. मग मला एवढंच सांगा, पाक पोनिरान. ही बाई इतकी वर्षं, ओळखून सवरून, तोंडावर खोटं बोलत आली. केवळ माणूस आवडत नाही म्हणून. आता मी हिला आवडत नाही, हे सगळ्यांनी ऐकलं. मग माझ्या होल्याला मिळालेल्या चार पांढऱ्या खऱ्या कशावरून?"

पेनाचं टोपण परत लागलं.

 रुमांतीनं यावर उत्तर शोधलं. वाईट असं की ते बाहेर शोधता शोधता ती आत पोचली. पहिल्या फेरीत सतरा नंबरखाली उभी असताना तिला माहीत होतं वर कुणाचा होला आहे. हर्जांतो दोरीपलीकडे चुटक्या वाजवत होते. बिनगाठीची झेंडी बोटांना लागली तेव्हा तिला आनंद झाला नव्हता असं नाही. झाला होता. चांगला झाला होता, कच्च्या कैरीसारखा, दातांत सळकणारा. सूर गिळला गेला तो आनंदाच्या आधी की नंतर? तिला खात्री होती, आधी. सकाळी आठला पूर्ण खात्री होती. आता पावणेबारा वाजले होते आणि खात्री थोडी हलत होती, किडक्या दातासारखी. जीभ सारखी तिथंच जात होती.

"मला पुन्हा ऐकायचंय," ती म्हणाली.

"कुणाला?"

"होल्याला. सगळ्यांसमोर."

पोनिराननी नियमावली उघडली, मिटली आणि स्वतःचा नियम केला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाच खांब. पाच होले, त्यात एक राजा गुंतूर. पिंजरे चढवले जातील तेव्हा बू रुमांती शाळेच्या खोलीत दार लावून बसतील. मग त्या खांबांखालून फिरतील. राजा गुंतूर कुठला ते ओळखायचं, आणि मधला सूर गिळला जाईल त्याच क्षणी हात वर करायचा. पोनिरान स्वतः शेजारी उभे राहून ऐकतील. सकाळी सतरा नंबर त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे त्यांचे कान कोरे आहेत. हात आणि सूर जुळले तर तिथंच सही. नाही जुळले तर अर्ज रद्द, आणि पुन्हा अर्ज करता येणार नाही.

"चालेल," पाक हर्जांतो म्हणाले. जरा घाईनंच म्हणाले.

"शाळेच्या खोलीत मीही बसते," सुगिनेम म्हणाली. "नाहीतर म्हणाल, फटीतून बघितलं."

"आंधळ्या बाईनं?"

"मी हो. मी बघीन आणि हिला सांगीन. मला ओळखत नाही का तुम्ही?"

म्हणून सुगिनेमला वेगळ्या खोलीत बसवलं.

एक वाजून दहा मिनिटांनी पाचही पिंजरे वर गेले. दुपारच्या जेवणाला घरी जायचं कुणाच्या मनात आलं नाही. ज्यांना भूक लागली त्यांनी सुगिनेमचे टेम्पे संपवले. पहिला होला सव्वाला घुमला. रुमांतीनं मान हलवली: हा नव्हे. चौथा दीडला. हाही नव्हे. पाचवा दोनच्या आत तीनदा घुमला आणि तिसऱ्यांदा इतका सुंदर, की पोनिरानांच्या तोंडून "अहाहा" निघून गेलं आणि त्यांनी लगेच माफी मागितली. दुसऱ्यानं अडीचपर्यंत वाट पाहायला लावली, मग एकदाच घुमला, आखडलेला, कोवळा. पहिल्या हंगामाचा पोर.

तिसरा गप्प होता.

तीनला सुगिनेम कंटाळून बाहेर आली. "अगं, चार झाले, एक उरला. उरला तो तोच की! सांगून टाक आणि चल घरी."

"ते ऐकणं नाही, ती वजाबाकी झाली," पोनिरान म्हणाले.

"वजाबाकी चुकीची असते का?"

"वजाबाकीला आम्ही कार्ड देत नाही, बू."

 तिसरा तो आहे हे रुमांतीलाही केव्हाच कळलं होतं. वर पिंजऱ्यात दांडीवर नख घासल्याचा आवाज येत होता, मधूनच पंख झटकल्याचा. होला जागा होता. तब्येतीनं ठणठणीत होता. फक्त बोलत नव्हता. तिला त्याचा राग येत नव्हता. एरवी तिनंही असंच केलं असतं. उभं राहून "ओळखा पाहू" म्हणणाऱ्या चाळीस माणसांपुढे कोण तोंड उघडेल?

पण आज त्यानं उघडायला हवं होतं. पाक हर्जांतोंना दाखवायला नव्हे, तिला स्वतःला ऐकायला. मध्ये घास अडकतो की नाही. सकाळचा तो आवाज होल्याचा होता की तिचा.

पाक हर्जांतो दोरीपाशी उभे राहून होल्याला चेतवत होते. चुटक्या, शीळ, जिभेचा टकटकाट, मग टाळ्या. मालकाच्या टाळ्या होला ओळखतो, आणि रुमांतीही. सुरुवातीला त्या भरल्या तळव्यांच्या होत्या, मैदानाच्या टोकापर्यंत जाणाऱ्या. साडेतीनच्या सुमारास तिच्या लक्षात आलं की शीळ बंद झाली आहे. मग चुटक्याही. टाळ्या चालू होत्या, पण आता बोटांच्या टोकांनी, झोपलेल्या मुलाजवळ डास मारावा तशा, होला घुमू नये असं वाटणाऱ्या माणसाच्या.

"थकले वाटतं," सुगिनेम म्हणाली.

"कोण?"

"तुझे अध्यक्ष. होल्याकडे बघतच नाहीयेत. तुझ्याकडे बघतायत."

"कसे बघतायत?"

सुगिनेमनं जरा निरखलं. "काय सांगू. रागावलेले नाहीत. तू पाठ चोळताना नेमकी दुखरी जागा सापडली की माणूस मान वळवून बघतो ना, तसे."

रुमांतीनं तोंड त्या दिशेला केलं. उन्हात एक पांढरा ठिपका होता. सदरा. तिनं तो बराच वेळ पाहिला. तो हलला नाही.

चार वाजून दहा मिनिटांपर्यंत पहिला, दुसरा, चौथा आणि पाचवा होला घुमून झाले होते. तिसरा घुमला नव्हता. पिंजरा खाली घ्यायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मैदानातून कुणी गेलंही नव्हतं. कार्ड पाक पोनिरान यांच्या खिशात होतं, बिनसहीचं. पाक हर्जांतोंच्या टाळ्या पावणेचारला थांबल्या होत्या. त्यानंतर त्या ऐकू आलेल्या नाहीत.